नेपथ्यातली नावं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नाट्यगृहाला दोन दारं असतात. पुढच्या दाराशी दिवे, फलक, तिकीटखिडकी आणि गजऱ्यांचा वास. मागच्या दाराशी बहुतेक काहीच नसतं. फार तर एखादा टेम्पो उभा असतो आणि त्यातून फळ्या, दोरखंड, पत्र्याच्या पेट्या, एखादी सोफ्याची खुर्ची उतरत असते. आपण सगळे पुढच्या दारानं आत जातो आणि त्याच दारानं बाहेर येतो. म्हणूनच की काय, नाटकाचा इतिहासही आपण बहुधा पुढच्या दारानंच लिहिला. नट, गायक, नाटककार, कंपनीचे मालक यांची चरित्रं आपल्याकडे चिक्कार आहेत. मागच्या दारानं आत गेलेल्यांची फार थोडी. आज मी आपल्याला त्या मागच्या दारानं आत नेणार आहे. दार कोल्हापूरचं आहे.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. रोममध्ये त्यांनी कलोसियमचे अवशेष पाहिले. आपल्याकडेही हजारो माणसांना एकाच वेळी कुस्ती दिसावी असं मैदान हवं, हे तेव्हा त्यांच्या मनात आलं. त्यातून खासबागेचं कुस्ती मैदान झालं. ते १९१२ साली पुरं झालं आणि त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात एक नाट्यगृह उभं राहिलं. त्याचं नाव पॅलेस थिएटर. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. तालमीतला गडी आणि नाटकातला नट यांना एकाच राजानं शेजारी शेजारी घर बांधून दिलं.

'तालीम' या शब्दाची गंमत कोल्हापूरकराला वेगळी सांगायला नको. पेठेतली तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. नाटकाची तालीम म्हणजे सराव. शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवणं. मैदानाच्या बाजूला तोच शब्द लाल मातीत घाम गाळतो आणि नाट्यगृहाच्या बाजूला तोच शब्द पेटीवर सूर धरतो. रंगमंचामागच्या भाषेत असे अनेक शब्द एकमेकांना खेटून बसलेले आहेत. नट, सूत्रधार, नांदी हे संस्कृतातले. पडदा, पोशाख, मखमल हे फारसी-अरबीच्या वाटेनं आलेले. विंग, मेकअप, प्रॉम्प्टर इंग्रजीतले. आणि दोर, कप्पी, झालर आपल्या रोजच्या वापरातले. तिथं काम करणाऱ्याला हा शब्द कुठून आला हे विचारायला सवड नसते. तिसरी घंटा व्हायची असते.

'नेपथ्य' हा शब्द आज आपण रंगमंचावरच्या देखाव्यासाठी वापरतो. संस्कृत नाटकात त्याचा अर्थ निराळा होता. नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथं नट वेष करतात ती. 'नेपथ्ये' अशी सूचना आली की समजायचं, आवाज आतून येतोय, बोलणारा दिसणार नाही. मला हा जुना अर्थ अधिक आवडतो. कारण आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ती माणसं ऐकू आली, त्यांच्या हातचं काम दिसलं, ती मात्र दिसली नाहीत.

सुरुवात पडद्यापासूनच करू. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत संगीत नाटकाचा प्रेक्षक गाण्याइतकाच पडदे पाहायला येत असे. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असे सगळे देखावे कापडावर रंगवलेले. प्रवेश बदलला की एक पडदा वर जायचा आणि दुसरा उलगडत खाली यायचा. आडव्या दांडीला गुंडाळलेला तो जड पडदा न अडखळता, न सुरकुतता खाली सोडणं ही कलाच होती. दोर धरणाऱ्याचा हात जरा चुकला तर अरण्यात राजवाड्याचा खांब दिसायचा आणि गंभीर प्रवेशात हशा पिकायचा.

हे पडदे रंगवणाऱ्यांत कोल्हापूरची दोन भावांची जोडी सगळ्यांत पुढे होती, आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री. 'पेंटर' हे नाव कामानं चिकटलं. १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत पश्चिम भारतातल्या नाटक कंपन्यांमध्ये त्यांच्या पडद्यांना मोठी मागणी होती. पण कापडावरचं चित्र हलत नाही, ही खंत त्यांच्या मनात होती. हलत्या चित्रांच्या मागे लागून त्यांनी कॅमेरा घडवण्याची खटपट सुरू केली. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्यांनी कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढे आणला. मराठी सिनेमाचा एक मोठा प्रवाह असा नाटकाच्या पडद्यामागून, शब्दशः पडद्यामागून, बाहेर आला.

आनंदरावांच्या हाताखाली रंग कालवायला शिकलेली दोन तरुण मुलं होती. एक विष्णुपंत दामले. दुसरे कागलचे शेख फत्तेलाल. हे दोघं पुढे बाबूरावांबरोबर महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत हे दोघं होते. तिसरे होते व्ही. शांताराम. त्यांनीही लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केली होती. दामले आणि फत्तेलाल यांना कंपनीत 'दामलेमामा' आणि 'साहेबमामा' म्हणत. या दोन मामांनी मिळून १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९४० साली त्यांचा 'संत ज्ञानेश्वर' आला.

मुसलमान असून तुम्ही मराठीत कविता कशी काय लिहिता, असा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं, उलट कौतुकच असतं. पण त्या कौतुकात आपण पाहुणे असल्याची जाणीव करून दिलेली असते. तेव्हा मला साहेबमामा आठवतात. तुकोबांचं देहू पडद्यावर उभं करताना ते घर कसलं, भिंत कुठे पोपडली असेल, अंगणात काय पडलं असेल, हे ठरवणाऱ्यांत कागलचा एक शेख होता. त्याला कुणी विचारलं असेल का, की साहेबमामा, तुम्हाला हे कसं काय जमतं? मला वाटतं, पडद्यामागे हा प्रश्न पडत नसावा. तिथं विचारतात ते एवढंच की काम येतं का?

आता सुराकडे वळू. शाहू महाराजांच्या पदरी उस्ताद अल्लादियाँ खाँ दरबारगायक होते. त्यांच्यामुळे कोल्हापूर गाण्याचं माहेरघर झालं. खाँसाहेब नाटकात गायले नाहीत. पण त्यांचं गाणं ऐकून ज्यांचे कान तयार झाले, त्यांनी नाटकाला चाली दिल्या. कोल्हापुरात वाढलेले गोविंदराव टेंबे पेटीवादक म्हणून मैफली ऐकत, साथ करत मोठे झाले. १९११ सालच्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. मैफलीतली ठुमरी, कजरी, दादरा यांचा ढंग त्यांनी मराठी पदांत असा काही उतरवला की ऐकणाऱ्याला ते परकं वाटलंच नाही. १९१६ सालच्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. बुवा फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि अल्लादियाँ खाँ या तिघांकडे शिकलेले. म्हणजे सातारच्या किंवा जळगावच्या तंबूतल्या नाटकात जो प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडत होता, तो नकळत आग्र्याच्या आणि जयपूरच्या गाण्याला दाद देत होता.

चाल देणारा निदान हस्तपत्रिकेवर छापला जाई. साथीदाराचं काय? नाटकात ऑर्गन, तबला, सारंगीवाले रंगमंचाच्या पायाशी बसत. प्रेक्षकांना त्यांच्या पाठी आणि टोप्या दिसत, चेहरे दिसत नसत. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. थिरकवा मूळचे मुरादाबादचे. ज्यांना पुढे १९७० साली पद्मभूषण मिळालं, असा हा तबलानवाज महाराष्ट्राच्या गावोगावी नाटकाच्या गाण्याला ठेका धरून बसला. बालगंधर्व एखाद्या जागेवर रेंगाळले, सूर लांबवला, पुन्हा तीच ओळ वेगळ्या अंगानं घेतली, तर समेवर त्यांना अलगद उतरवून घेणारे हात खाली अंधारात होते. गाणं बालगंधर्वांचं हे खरंच. पण गाणं एकट्याचं कधी असतं का?

पडद्यामागे सगळी गोडीगुलाबीच होती, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या काळच्या समाजातलं सोवळं-ओवळं नाटक कंपनीच्या दाराशी चप्पल काढून थांबत नव्हतं, तेही आत येत होतं. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासांसाठी राखून ठेवल्या, त्यांना आयुष्यभर याच गोष्टीशी झगडावं लागलं. पण रंगमंचामागच्या कामाला स्वतःची एक शिस्त असते. पडदा जड असतो, प्रवेश बदलायला मिनिटभर असतं आणि अंधारात दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे हे पाहायला वेळ नसतो. मन बदलायला वर्षं लागतात, हातांना एकत्र यायला मिनिट पुरतं. हातांमागोमाग कधीकधी मनंही आली.

केशवराव भोसल्यांची गोष्टच पाहा. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्म. अगदी लहानपणी ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले आणि 'शारदा'तल्या शारदेच्या भूमिकेनं गाजले. मुलाच्या वयात कंपनीत राहायचं म्हणजे बिऱ्हाडच पडद्यामागे. निजायचं तिथं, जेवायचं तिथं, पाठांतर तिथं. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी स्वतःची ललितकलादर्श ही संस्था काढली तेव्हा त्यांना अठरावंही पुरं नव्हतं. जो आतून वर आला, त्याला आतल्या गोष्टींची किंमत कळते. मराठी रंगभूमीवर मखमली दर्शनी पडदा आणल्याचं श्रेय त्यांना दिलं जातं ते उगीच नाही. त्यांच्या मागं बापूराव पेंढारकरांनी संस्था चालवली. पु. श्री. काळे यांच्यासारखा नेपथ्यकार तिथंच नावारूपाला आला. पुढे बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी नट म्हणून नाव मिळवलंच, पण आणखी एक मोलाचं काम केलं. टेपरेकॉर्डर लावून त्यांनी असंख्य मराठी नाटकं ध्वनिमुद्रित करून ठेवली. पडद्यामागे चालणाऱ्या त्या यंत्रामुळे कितीतरी नटांचे आवाज आज शिल्लक आहेत.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीच्या गाण्याबद्दल शंभर वर्षं लिहिलं जातंय. मला त्या रात्रीची विंग पाहायला आवडली असती. दोन कंपन्या, दोन मालक, दोघांच्या आपापल्या रीती, आपापली माणसं. ज्यांनी एरवी एकमेकांच्या कंपनीला वरचढ होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं, ती माणसं त्या रात्री एका छपराखाली उभी होती. त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वरानं केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

काळ बदलला तशी मागच्या दारातली कामंही बदलली. हिलाल आणि समया गेल्या, किटसनच्या बत्त्या आल्या, त्या जाऊन वीज आली. रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ होते, तिथं तयार रंगांच्या कांड्या आल्या. स्त्रीपार्टी करणाऱ्या नटांना नऊवारी नेसवणारी माणसं होती. स्त्रियाच रंगमंचावर आल्या आणि ते काम संपलं. रंगवलेल्या पडद्यांची जागा लाकडी चौकटींच्या घरांनी घेतली. पुढे ही घरं घडीची झाली, बसच्या टपावर चढली आणि गावोगाव फिरू लागली. नाव नसणं मात्र बदललं नाही.

कविसंमेलनांच्या निमित्तानं मीही अनेक नाट्यगृहांच्या विंगेत उभा राहिलो आहे. कोल्हापुरातल्या अशाच एका कार्यक्रमात माझं नाव पुकारायला अवकाश होता आणि मी उत्सुकतेनं पुढे सरकत होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी माझी बाही धरली. पडदा ओढणारे एक वयस्क गृहस्थ होते. कुजबुजत म्हणाले, "सर, हितंच थांबा. आणि फुडं गेलासा तर पयल्या रांगंला दिसतासा." मी म्हटलं, "मामा, दिसलो तर काय बिघडलं?" ते म्हणाले, "आत्ता त्या बाईंची कविता चाललीया न्हवं? लोकांनी त्यास्नीच बघाय पायजे." दोरानं त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते. कवितेविषयी मी पुस्तकांतून बरंच वाचलं आहे, पण दुसऱ्याची कविता चालू असताना कवीनं कुठं उभं राहावं, हे मला त्यांनी शिकवलं.

या माणसांच्या मजुरीला नाटकाच्या धंद्यात 'नाइट' म्हणतात. प्रयोग झाला तर नाइट मिळते, नाही झाला तर नाही. आजारपणाची रजा नाही, पावसाळ्याची सोय नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे नाट्यगृहं बंद झाली. नटांना मालिका होत्या, काहींना नोकऱ्या होत्या. पडदा ओढणाऱ्याला, कपडेपट सांभाळणाऱ्याला, प्रकाशाचं बटण दाबणाऱ्याला फक्त नाइट होती, आणि ती थांबली. तेव्हा काही कलावंतांनी आणि संस्थांनी त्यांना शिधा दिला, पैसे दिले. चांगलं केलं. पण आपल्या लाडक्या नाटकामागे इतकी माणसं असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना नाटक बंद पडल्यावरच कळलं.

आणि मग ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्याच्या आदल्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच जळाला, छत कोसळलं, खुर्च्यांची राख झाली. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. कोल्हापूरकर रात्रभर रस्त्यावर होते. मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी रडली. नाट्यगृह पुन्हा पूर्वीसारखं बांधण्याचं शासनानं लगेच जाहीर केलं.

'पूर्वीसारखं' या शब्दापाशी मी थोडा थांबतो. दर्शनी भाग पूर्वीसारखा व्हायलाच हवा, कमानी, दगड, नाव, सगळं. पण आगीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जळतो तो मागचाच भाग. कापड तिथं, लाकूड तिथं, तारा तिथं, आणि काम करणारी माणसंही तिथंच. आपल्याकडच्या किती नाट्यगृहांत मागच्या माणसांना बसायला धड जागा आहे? रात्री दीडला देखावा उतरवून पहाटेच्या बसपर्यंत पाठ टेकायला खोली आहे? बाईमाणसाला कपडे बदलायला कडी लागणारं दार आहे? आग लागलीच तर अंधारात सापडेल अशी बाहेरची वाट आहे? मराठी मुलखात नाट्यगृहं बांधताना आपण खुर्च्यांची संख्या मोठ्या अभिमानानं सांगतो. विंगेची रुंदी सांगितलेली मी ऐकलेली नाही.

मित्रहो, माझं मागणं फार खर्चाचं नाही. कुठल्याही नाट्यगृहाची दुरुस्ती होईल, नवं बांधलं जाईल, तेव्हा आराखडा काढणाऱ्यानं एकदा पडदा ओढणाऱ्याला, दिवे लावणाऱ्याला, रंगभूषा करणाऱ्याला बोलावून विचारावं, की बाबा, तुला काय लागतं? दुसरं असं की, मागच्या दाराशी, आतल्या बाजूला, एक पाटी असावी. तिच्यावर त्या गावातल्या नेपथ्यातल्या माणसांची नावं असावीत. कोल्हापुरात ती लावायची झाली तर आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दामलेमामा आणि साहेबमामा ही नावं वर येतील. त्यांच्याखाली ज्यांनी तिथं चाळीस-चाळीस वर्षं दोर ओढले, इस्त्री केली, चहा आणला, त्यांची यावीत. ती नावं अजून सांगता येणारी माणसं गावात हयात आहेत. त्यांच्याकडे कुणीतरी वही घेऊन लवकर जायला हवं.